कोसिहोचं कुंकू

“आठल्ये, ह्या बाई विचारतायत, लाल रंग अजून शाबूत आहे का.”

पाटणकर साहेबांनी पत्र माझ्यापुढे धरलं आणि मी चष्मा नाकावर चढवेपर्यंत मागे घेतलं. साहेब कागद दाखवत, वाचायला देत नसत. वाचून माणूस शहाणा होतो आणि शहाणा माणूस हाताखाली नको, अशी त्यांची कार्यपद्धती होती.

“कुठला लाल रंग, सर?”

“आपल्या मेक्सिकन देवाच्या तोंडावरचा! अहो, कुणीतरी चुगली केलीय. नांदवडच्या संग्रहालयात परदेशी मूर्तींना कुंकू फासतात, ही बातमी पार मेक्सिकोपर्यंत पोचली. रविवारी ती बाई येणार, भिंग लावून बघणार आणि आपण सगळे रानटी ठरणार.”

“खंडेनवमीला सिदाप्पा पूजा करतो, सर. तेवढंच.”

“तेवढंच! तोफेची करतो, तलवारींची करतो, टाइपरायटरची करतो, इथपर्यंत ठीक. त्या देवाला कशाला? सांगा त्याला, आता नोकरीच्या नावानं आंघोळ कर म्हणावं.”

मी सांगितलं नाही. मला कुणालाही काही सांगायचं म्हणजे दोन दिवस आधी मनात तालीम करावी लागते आणि रविवारला तीनच दिवस उरले होते.

ही १९८३ च्या डिसेंबरातली गोष्ट. नांदवडचं संस्थान विलीन झालं, राजवाड्याचं संग्रहालय झालं आणि मी त्यात सहायक अभिरक्षक झालो. सहायक हे पद माझ्यासाठीच काढलं असावं. मी स्वतःच्या आयुष्यातसुद्धा सहायकच होतो. पहिल्या मजल्यावर परदेशी दालन होतं. भाऊसाहेब महाराज १९११ साली जगाच्या सफरीला गेले आणि दिसेल ते घेऊन आले: व्हेनिसचा आरसा, शहामृगाचं अंडं, कुठल्याशा राणीचा एक हातमोजा. आणि तो घट.

कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत उंचीचा, राखी रंगाच्या भाजक्या मातीचा. मागे नळकांड्यासारखं पोकळ भांडं आणि त्याला पुढून चिकटलेला, मांडी घालून बसलेला देव. हात गुडघ्यांवर, कानांत वाटीएवढाल्या कुड्या, डोक्यावर पिसांचा भला मोठा टोप, नाकातोंडावर मुखवटा आणि त्यातून बाहेर आलेली दुभंगलेली जीभ. महाराजांनी हा नरसिंह समजून घेतला होता. तो होता कोसिहो, झापोटेक लोकांचा पावसाचा आणि विजेचा देव. मेक्सिकोतले हे लोक दीडएक हजार वर्षांपूर्वी असे घट करून थडग्यात मयताशेजारी ठेवत. निदान पुस्तकांत तसं होतं, आणि मी जे काही जाणत होतो ते पुस्तकांतलंच.

त्याच पुस्तकांत असंही होतं की, जगभरच्या संग्रहालयांत असे घट शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले बरेचसे खोटे. ह्याच शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या हुशार कारागिरांनी बनवून परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात मारलेले. आमचे महाराज १९११ साली तिकडे पोचले, म्हणजे अगदी ऐन हंगामात.

अकरा वर्षं मी त्या घटावर एक पुस्तिका लिहीत होतो. प्रस्तावना नऊ वेळा लिहून झाली होती. तिच्यात ‘बहुधा’ आणि ‘असावे’ इतक्या वेळा येत की, घट मुळात आहे की नाही, अशी वाचणाऱ्याला शंका यावी.

आता मात्र नक्की काहीतरी ठरायची वेळ आली होती. परदेशी दालन बंद करून वस्तू मुंबईच्या गोदामात पाठवाव्यात, असं खात्याने कळवलं होतं. घट अस्सल आहे असं कुणा जाणकाराने लिहून दिलं तर दालन राहील. नाही तर दालन जाईल आणि दालनाबरोबर दालनाच्या परिचराचं पदही जाईल. परिचर म्हणजे सिदाप्पा वाघमोडे. त्याचे वडील राजवाड्यात दिवे लावायला होते. वाड्यामागच्या दोन खोल्यांत सिदाप्पा जन्मला, तिथेच त्याचं लग्न झालं. पद गेलं की बदली, आणि खोल्याही जाणार.

“साहेब,” शनिवारी सकाळी आरसा पुसता पुसता तो म्हणाला, “ती बाई लिवून दिल नव्हं?”

“बघू या.”

“तुमी येवढी बुकं वाचलीसा. तुमास्नी काय वाटतंय? खरा का खोटा?”

“सांगता येत नाही, सिदाप्पा. टोप एका काळातला वाटतो, कुड्या दुसऱ्या काळातल्या. पण अमुकच असं म्हणणं म्हणजे...”

“ऱ्हाऊ द्या. तुमाला ‘जेवला का’ इचारलं तरी तुमी ‘सांगता येत न्हाई’ म्हनशिला.” तो हसला. “त्या पुस्तकाचं काय झालं?”

“चाललंय.”

“लवकर करा. देव म्हातारा झाला.”

दुपारी त्याला पाहुणीसाठी हार आणि केळी आणायला बाजारात धाडलं. साहेब जेवायला घरी गेले. दालनात मी आणि कोसिहो.

मी जवळ जाऊन नीट पाहिलं. गालांवर, ओठांच्या खाली, टोपाच्या पिसांच्या खाचांत लाल रंग होता. त्यावर ठिकठिकाणी पांढरट, खरखरीत थर बसला होता. वर्षानुवर्षांचं कुंकू आणि त्यावर वाळलेलं नारळाचं पाणी, दुसरं काय? उद्या ती बाई हे बघणार. सिदाप्पाची नोकरी त्याच्याच भक्तीने जाणार. मला त्याची दया आली. माझ्यासारख्या माणसाला कुणाची दया आली की समोरच्याने जपून राहावं.

ह्या कामाची तयारी मी घरूनच करून आलो होतो. पत्नी रेशमी साड्या धुते ते रिठ्याचं पाणी बाटलीत घेतलं होतं. एक जुना दातांचा ब्रश. माझा पंचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता मी एक काम हाती घेतलं.

दीड तास लागला. कुंकू इतकं चिवट असतं, हे मला नवीन होतं. पांढरा थर तर नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटत होता. पापुद्र्याची वरची बाजू पांढरी, आतली लालभडक. पडले ते सगळे पंच्यात टिपून घेतले, जमिनीवर डाग राहायला नको. देवाच्या पूजेतलं म्हणून फेकवलं नाही. पंच्याची घडी केली आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली मी जानव्याला बांधून ठेवत असे.

मी सहीच्या आधी तीनदा तारीख तपासणारा माणूस. बाहेर पडल्यावर कुलूप लावलं की नाही ह्या शंकेने अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. मला आयुष्यभर स्वतःची शंका आली. त्या दीड तासात मात्र एकदाही आली नाही.

रविवारी सकाळी दहाला पत्रातल्या जाणकार बाई, डॉक्टर इनेस, आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांची वेणी घातलेल्या. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आल्या होत्या, दुपारी अडीचला निघायचं होतं. साहेबांनी कोट घातला होता. सिदाप्पाने हार घातला. त्यांनी तो लगेच काढून टेबलावर न ठेवता गळ्यात राहू दिला, तेव्हा मला त्या आवडल्या. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही.

“कुठे आहे?” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “तीस वर्षांपूर्वी आमचे प्राध्यापक इथे येऊन गेले. त्यांच्या टिपणांतून मी ह्याला चेहऱ्याने ओळखते.”

साहेबांनी त्यांना घटापाशी नेलं. त्यांनी भिंग काढलं. गालाजवळ नेलं, ओठांजवळ नेलं, टोपाच्या खाचांतून फिरवलं. मग भिंग खाली ठेवलं आणि चष्मा पुसून पुन्हा उचललं. खोलीत फक्त शहामृगाच्या अंड्याला काही वाटत नव्हतं.

“कुठे गेला?” त्यांनी विचारलं.

“काय, मॅडम?”

“लाल रंग.”

“अजिबात नाही!” साहेब छाती काढून म्हणाले. “एक ठिपका सापडणार नाही तुम्हाला. आमच्याकडे स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक धोरण आहे.”

धोरण नव्हतं. एका दिवसात देव स्वच्छ कसा झाला, हे साहेबांनी मला विचारलंही नव्हतं. चांगलं झालेलं कुणी केलं हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही; न विचारता ते वरिष्ठाच्या नावावर जमा होतं.

बाई स्टुलावर बसल्या. “मी त्या रंगासाठी आले होते,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “प्राध्यापकांनी लिहून ठेवलंय, गालांवर आणि टोपावर लाल रंग, आणि त्याच्यावर थडग्यातल्या ओलीने चढलेला चुन्याचा थर. रंग खाली, थर वर. असा थर खोटं करणाऱ्याला आणता येत नाही. आमच्या लोकांनी हा रंग मयतासाठी दिला होता. मी पत्रात विचारलं होतं, तो अजून आहे ना म्हणून.”

साहेबांचा चेहरा उतरत गेला आणि एका टप्प्यावर थांबून तिथून रागावला.

“सिदाप्पा!”

सिदाप्पा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता.

“काय रे, देवाला कुंकू फासलंस आणि आता पाहुणे येणार म्हणून घासून टाकलंस? कुणी सांगितलं होतं तुला?”

“मी न्हाई फासलं, साहेब.”

“खोटं बोलू नकोस. दर खंडेनवमीला तू अख्खं संग्रहालय लाल करतोस.”

“बाकी समद्याला लावतो. ह्याला न्हाई.” त्याने ट्रे खाली ठेवला आणि घटाखालच्या पाटीकडे बोट केलं. “आठल्ये साहेबांनी पाटीवर लिवलंय की. मयताशेजारी ठेवायचा घट. मयताच्या भांड्याला कुंकू कोन लावंल? मी लांबनं हात जोडतो आनि म्होरं जातो.”

पाटी माझ्याच अक्षरातली होती. अकरा वर्षांत माझं लिखाण नीट वाचून त्याप्रमाणे वागलेला तो एकमेव वाचक. आणि मी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. अडाणी माणूस कुंकू लावणारच, ह्यात विचारायचं काय?

साहेब म्हणत होते, “मग तो रंग आपोआप उडाला? ह्याच्या सेवापुस्तकात नोंद करतो मी. हलगर्जीपणामुळे पुराणवस्तूचं नुकसान.”

“सर,” मी म्हणालो. “मी धुतलं.”

कुणाला ऐकू गेलं नाही.

“सर, ते मी धुतलं. काल दुपारी. रिठ्याने.” बाईंना कळावं म्हणून तेच इंग्रजीतही म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग, खरंच सांगतो, ते हसले.

“तुम्ही? आठल्ये, पंखा सुरू करायला तुम्ही माझी परवानगी मागता. टाचणी मोडली तर लेखी कळवता. तुम्ही वस्तू धुणार?” ते बाईंकडे वळले. “मॅडम, आमचे आठल्ये फार हळवे आहेत. शिपायाला पाठीशी घालतायत.”

बाई उठल्या आणि माझ्यापाशी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“फार मोठं मन लागतं ह्याला,” त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. ‘नाही, खरंच’ एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मोठ्या मनाचा म्हटलं होतं, आणि ते खोडून काढायला मी तितक्या मोठ्या मनाचा नव्हतो. मी मान खाली घातली. मान खाली घालणं विनयातही बसतं.

“मातीची परीक्षा करून वय काढता येईल,” बाई साहेबांना म्हणाल्या. “तळाला एक बारीक भोक पाडून चिमूटभर माती.”

“भोक! त्याला वरून लेखी मंजुरी लागेल, मॅडम. अर्ज करतो.”

अर्ज केला. तो अजूनही विचाराधीन असावा.

“मग मला काही लिहून देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “खोटा आहे असं मी म्हणत नाही. खरा आहे असं म्हणायला हातात काही उरलं नाही. त्या थराचा एक पापुद्रा जरी असता! नखाएवढा. एका बाजूला पांढरा, आतून लाल. तेवढ्यावर मी आज सही केली असती.”

माझी किल्ली सदऱ्याच्या आत बरगडीला टोचत होती. खण बारा पावलांवर होता. त्यात एक नाही, चाळीस पापुद्रे होते. पंचा उलगडला असता तर घट खरा ठरला असता, दालन राहिलं असतं, सिदाप्पाच्या खोल्या राहिल्या असत्या. एकच अडचण होती: पंचा माझा होता. त्यावर कोपऱ्यात पत्नीने निळ्या दोऱ्याने माझं नाव घातलं होतं. साहेब त्यावर हसू शकले नसते. बाईंचा हात माझ्या खांद्यावरून निघाला असता.

मी मनात म्हणालो, एकदा सांगितलं ना मी? सगळ्यांसमोर, स्पष्ट मराठीत आणि इंग्रजीत. खरं बोलणं माझं काम, पटवून घेणं त्यांचं. फार शास्त्रशुद्ध विचार होता. अकरा वर्षांत माझ्या हातून इतकं ठाम विधान झालं नव्हतं.

सिदाप्पा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. बसथांब्यावरचा माणूस रस्त्याच्या वळणाकडे बघतो तसा. मग त्याने ट्रे उचलला आणि म्हणाला, “चा गार झाला. दुसरा आनतो.”

बाई अडीचला गेल्या. मार्चमध्ये दालन बंद झालं. सिदाप्पाची शस्त्रागाराच्या गोदामावर बदली झाली, सत्तर मैलांवर, सेवापुस्तकात तांबड्या शाईच्या नोंदीसह. खोल्या रिकाम्या करताना मी मदतीला गेलो होतो. मी त्याचा पितळी हंडा उचलून दिला. मदत करण्यात मी कधी मागे राहिलो नाही.

तीन वर्षांनी बाईंचं पुस्तक आलं. जगभरच्या झापोटेक घटांची यादी: खरे, खोटे, संशयास्पद. आमचा संशयास्पद. प्रस्तावनेच्या शेवटी आभार होते, त्यात एक ओळ माझ्यासाठी: ‘श्री. आठल्ये ह्यांना, ज्यांनी एका गरीब सहकाऱ्यासाठी दोष स्वतःच्या अंगावर घेतला.’ छापील पुस्तकात माझं नाव आलेलं ते एवढंच. पुस्तिका माझी कधी झाली नाही.

निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा करावा लागला. पंचा घरी आला, पत्र्याच्या पेटीत गेला. साहेब वारले. मग एके दिवशी, त्या रविवारला सोळा वर्षं झाल्यावर, मी पंचा पिशवीत घातला आणि एसटीने सिदाप्पाच्या मुलाच्या गावी गेलो. वाटेत तीनदा परतायचं ठरवलं, पण प्रत्येक वेळी उतरायचं म्हणजे कंडक्टरला घंटी मारायला सांगावं लागलं असतं.

तो मुलाच्या घराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. वाळला होता, नजर तीच.

“या साहेब! आज वाट चुकला?”

“तुझ्याकडेच आलो.”

“बसा. शेंगा खा. पुस्तक झालं?”

“नाही.”

“सांगता येत न्हाई म्हनता, का खरंच न्हाई?”

“खरंच नाही.”

मी पिशवीतून पंचा काढून ओसरीवर उलगडला. लाल रंग तसाच होता. दीड हजार वर्षं टिकलेला रंग सोळा वर्षांनी काय उडणार? त्याने पापुद्र्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या निळ्या नावाकडे. हात पुसून घेतले, पण शिवला नाही. लांबूनच नमस्कार केला.

“सिदाप्पा, त्या दिवशी...”

“ठावं हाय मला.”

“काय?”

“तुमी धुतलं ते. हार घिऊन आलो तवा दारातनं बघितलं की. तुमी देवाला पोरावानी आंघोळ घालत हुता.”

“मग तेव्हाच थांबवलं का नाहीस?”

“तुमी शिकलेलं मानूस. आनि कवा न्हाई ते सोताच्या मनानं काय तर करत हुता. म्हटलं, मधी पडू ने.”

मुलाची बायको पाणी ठेवून गेली. मी घोटभर प्यालो. विचारायचं होतं ते विचारायला दुसरा घोट लागला.

“आणि रविवारी? साहेब तुझ्यावर ओरडत होते तेव्हा? सांगायचंस ना, मी ह्यांना डोळ्यांनी पाहिलंय म्हणून.”

त्याने एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

“तुमी बोलला की, साहेब. मी कशाला बोलू? साहेब हसलं, तुमी गप झाला. म्हटलं, पाव्हनी बसलीया, भिडस्त मानूस हाय. आज न्हाई जमलं, उद्या परत बोलतील.”

तो ‘उद्या’ म्हणजे सोमवार होता. सोमवारी आमचं संग्रहालय बंद असे.